हिशेब तपासणारा दुसरा माणूस

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो आणि मग नवा राजवाडा पाहायला जातो. काळ्या घडीव दगडांची ती भव्य इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. तळमजल्यावरील संग्रहालयातील तलवारी आणि शिकारीची जनावरे पाहताना एका गोष्टीचा विचार मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. एवढा दगड इतकी वर्षे वर टिकून कसा राहिला? तो टिकेल, हे आधी कोणी ठरवले? आणि ज्याने ठरवले, त्याला रात्री झोप लागत होती का?

शेवटचा प्रश्न मी गमतीने विचारलेला नाही. या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने तयार केला. १८७७ साली काम सुरू झाले आणि १८८४ मध्ये ते पुरे झाले. कोल्हापूरचा टाऊन हॉलही मँटचाच. बडोद्याचा प्रचंड लक्ष्मीविलास राजवाडाही मूळ त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला. परंतु यांपैकी दोन्ही राजवाडे पुरे झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १८८१ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास तो मरण पावला. त्याच्याविषयी एक हकीकत सांगतात, ती अशी की शेवटच्या दिवसांत त्याच्या मनाने घेतले, आपले हिशेब चुकले आहेत आणि आपण उभारलेल्या इमारती कोसळणार आहेत. या एका भीतीने त्याचे मन खचले.

इमारती कोसळल्या नाहीत. दोन्ही राजवाडे आजही खणखणीत उभे आहेत. म्हणजे हिशेब बरोबर होते. मग कमी काय होते? ही हकीकत ऐकली की मला वाटते, मँटच्या शेजारी बसून त्याची वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा सोडवणारा आणि "साहेब, मीही करून पाहिले, बरोबर आहे" असे सांगणारा दुसरा माणूस कमी होता.

आज मोठमोठ्या इमारती, पूल, धरणे, कारखाने यांचे आराखडे करणाऱ्या सल्लागार संस्था असतात. त्यांच्याकडे असा दुसरा माणूस असतो. नव्हे, त्या संस्थांचे निम्मे काम म्हणजे हा दुसरा माणूसच होय. तेथे काम करणे म्हणजे काय, ते आज आपण पाहू या.

विटेला हात न लावणारे बांधकाम

माझी एक विद्यार्थिनी अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होती. पुढे ती स्थापत्य अभियंता झाली आणि पुण्यातील एका मोठ्या सल्लागार संस्थेत नोकरीला लागली. तिच्या आग्रहावरून मी एकदा ते कार्यालय पाहायला गेलो. मला वाटले होते, सिमेंटची पोती, सळयांचे ढीग, निदान धुळीने माखलेले बूट तरी दिसतील. पाहतो तो काय, लांबलचक खोलीत संगणकांच्या रांगा, भिंतीवर नकाशे आणि टेबलांवर लाल पेनच्या खुणांनी भरलेले कागद!

"सर, इथं कुणी वीट रचत नाही," ती हसून म्हणाली. "आम्ही फक्त कागद तयार करतो."

पण तो कागद कसा असतो? समजा, एका गावाला मोठे रुग्णालय बांधायचे आहे. खोल्या कोठे, जिने कोठे, उजेड कोठून येईल हे आर्किटेक्ट ठरवतो. प्रत्यक्ष बांधण्याचे काम कंत्राटदार करतो. या दोघांच्या मधे सल्लागार असतो. जमीन किती वजन पेलेल, पाया किती रुंद हवा, खांब किती जाड, तुळईत सळया किती आणि कोठे, वाऱ्याने व भूकंपाने इमारतीवर किती बल येईल, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याने द्यायची असतात. मोठ्या संस्थेत माती तपासणारे, सांगाडा ठरवणारे, पाणी व सांडपाणी पाहणारे, वीज पाहणारे आणि खर्चाचा अंदाज काढणारे असे वेगवेगळे विभाग असतात. एका विभागाचे उत्तर हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा आकार पाणीवाल्यांनी बदलला की सांगाडावाल्यांचे वजन बदलते, आणि ते बदलले की पाया बदलतो.

पायाचे उदाहरण तर तुम्हीही सोडवू शकाल. एका खांबातून १०० टन भार खाली येतो आणि जमीन दर चौरस मीटरला २० टन भार सुरक्षितपणे पेलते असे समजा. मग पाया किती मोठा हवा? १०० भागिले २०, म्हणजे ५ चौरस मीटर. साधारण सव्वादोन मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन. हे झाले सोपे गणित. पण तो २० चा आकडा कोठून आला? त्यासाठी जागेवर भोके पाडून खालच्या थरांचे नमुने काढावे लागतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर घर दर वर्षी थोडे थोडे हलत राहील. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. भागाकार तुमचाच असतो, अवघड असते ते छेदातील संख्या मिळवणे.

आधी उत्तर, मग गणित

माझ्या विद्यार्थिनीला पहिले काम मिळाले तुळयांचे. दोन खांबांवर आडवी ठेवलेली तुळई तुमच्या डोळ्यांसमोर आणा. वरून वजन पडले की ती मधे किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम एक दशांश असते. म्हणून तुळईच्या तळाशी पोलादी सळया घालतात. दाब काँक्रीटने घ्यायचा आणि ताण पोलादाने, अशी ही भागीदारी आहे. हेच आपले आर. सी. सी., म्हणजे सलोह काँक्रीट.

आता सळया किती घालायच्या? त्यासाठी तुळईला वाकवणारे आघूर्ण काढावे लागते. भार सगळ्या लांबीवर सारखा पसरला असेल तर सूत्र सोपे आहे. दर मीटरवरचा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ८. समजा दर मीटरला २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २ टन भार आहे आणि लांबी ६ मीटर आहे. मग आघूर्ण झाले २० × ३६ ÷ ८ = ९० किलोन्यूटन-मीटर. लांबी ७.२ मीटर केली तर? लांबी वाढली २० टक्के, पण आघूर्ण झाले सुमारे १३० किलोन्यूटन-मीटर, म्हणजे ४४ टक्के जास्त! सूत्रात लांबीचा वर्ग आहे, ही त्याची करामत.

येथपर्यंत ठीक. परंतु त्या २० किलोन्यूटनमध्ये तुळईचे स्वतःचे वजनही धरलेले असते. २३ सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच तुळई घेतली तर तिच्या एका मीटरचे वजन सुमारे २६० किलो भरते. म्हणजे तुळई केवढी हवी हे काढण्यासाठी तिचे वजन माहीत हवे, आणि वजन माहीत होण्यासाठी तुळई केवढी हे माहीत हवे! वर्गात असा प्रश्न घातला तर तुम्ही म्हणाल, "सर, प्रश्नच चुकीचा आहे."

व्यवहारात यातून वाट काढतात ती अशी. आधी अनुभवाने आकार गृहीत धरायचा. त्यावरून वजन काढायचे, वजनावरून आघूर्ण आणि आघूर्णावरून लागणारा आकार. तो गृहीत धरलेल्या आकाराशी जुळला तर ठीक, नाही तर नवा आकार घेऊन पुन्हा पहिल्यापासून. वरील उदाहरणात लांबी ७.२ मीटर झाल्यावर तुळईची उंची ५५ सेंटीमीटर करावी लागली असे समजा. तिचे दर मीटरचे वजन आता सुमारे ३१५ किलो झाले. ते जुन्या हिशेबात नव्हते. म्हणून हिशेब पुन्हा करायला हवा. हे 'पुन्हा' विसरले तर काय होते, ते पुढे येईलच.

आज ही सगळी आकडेमोड संगणक क्षणात करतो. मग माणसे कशाला? माझ्या विद्यार्थिनीच्या वरिष्ठांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितले, "संगणकाचं उत्तर बघायच्या आधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, ढोबळ का होईना." संगणकाला तुम्ही सहाच्या जागी साठ दिलेत तर तो कुरकुर न करता साठाचे उत्तर देतो. आठाने भागायचे ते साधे सूत्र ज्याच्या हाताशी आहे, त्यालाच ते उत्तर खटकते.

तीन सह्या

त्या कार्यालयातील एका नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात मला एक लहानसा तक्ता दिसला. त्यात तीन चौकटी होत्या. काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा. तिन्हींत वेगवेगळ्या सह्या. या तीन सह्या झाल्याशिवाय नकाशा बाहेर जात नाही.

"तपासणारे म्हणजे तुझा हिशेब वाचून काढतात का?" मी विचारले.

"नाही सर. वाचलं तर माझीच चूक त्यांनाही बरोबर वाटेल. ते माझं बाजूला ठेवतात आणि स्वतः वेगळ्या रीतीनं करतात. मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची."

तिचा पहिला नकाशा परत आला तेव्हा त्यावर सतरा लाल खुणा होत्या. तिला रडू आले, हे तिने मला प्रांजळपणे सांगितले. त्यांतील सोळा किरकोळ होत्या. सतरावी किरकोळ नव्हती. एका सज्ज्याच्या, म्हणजे गॅलरीच्या सळया तिने सवयीने खालच्या बाजूला दाखवल्या होत्या.

यात बिघडले काय? सज्जा एकाच बाजूला धरलेला असतो, दुसरी बाजू मोकळी. वजन पडले की मोकळे टोक खाली जाते. अशा वेळी ताण कोठे येतो? वरच्या बाजूला! हात आडवा पसरून तळव्यावर जड दप्तर घ्या, खांद्याच्या वरचे स्नायू ताणलेले तुम्हाला जाणवतील. म्हणून सज्ज्याच्या सळया वर हव्यात. त्या खाली घातल्या तर त्या असून नसल्यासारख्याच.

नकाशा दुरुस्त झाला, तरी काम संपत नाही. समजा, १२५ मिलिमीटर जाडीच्या सज्ज्यात वरची सळई तळापासून १०० मिलिमीटरवर ठेवायची आहे. काँक्रीट ओतताना त्यावर माणसे चालतात. कोणाच्या पायाखाली ती सळई ४० मिलिमीटर दबली, तर १०० चे राहिले ६०. सज्ज्याची ताकद साधारण याच प्रमाणात, किंबहुना थोडी अधिकच घटते. नकाशा अचूक, सिमेंट उत्तम, सळई पुरेशी, आणि तरीही ताकद चाळीस टक्क्यांनी कमी! वरून काँक्रीट पडल्यावर हे कोणालाही दिसणार नाही. म्हणून सल्लागार संस्थेचा माणूस काँक्रीट पडण्याच्या आधी जागेवर जातो, सळया मोजतो, त्या खाली दबू नयेत म्हणून आधार लावले आहेत की नाहीत ते पाहतो आणि मगच परवानगी देतो.

काँक्रीटचीही परीक्षा असते. ओतताना त्यातलेच थोडे काढून १५ सेंटीमीटरचे ठोकळे करतात, पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. एम-२० जातीच्या काँक्रीटकडून दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसण्याची अपेक्षा असते. ठोकळ्याचा पृष्ठभाग २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण बल ४,५०,००० न्यूटन. हे सुमारे ४६ टनांचे वजन झाले. नऊ-दहा मोठे हत्ती एका वीतभर ठोकळ्यावर!

हे सारे ऐकायला छान वाटते. पण नोकरी म्हणून ती रोज रंजक असते असे नाही. माझ्या विद्यार्थिनीने सलग चार महिने फक्त जिनेच केले. ज्या इमारतींचे जिने केले, त्यांतील बहुतेक तिने डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. काम ठरल्या दिवशी हवे असते, आर्किटेक्ट शेवटच्या क्षणी भिंत हलवतो आणि मग रात्री बसून हिशेब पुन्हा करावा लागतो. "हे 'पुन्हा'च सगळ्यात कंटाळवाणं, सर," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे आहे. पण त्या कंटाळ्याची किंमत काय असते, याचा एक जुना दाखला आहे.

ज्याने तपासू दिले नाही

कॅनडामध्ये क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर मोठा रेल्वेपूल बांधायचे ठरले. सल्लागार अभियंता होता थिओडोर कूपर. अमेरिकेतील पुलांच्या क्षेत्रात त्याचे नाव फार मोठे होते. मूळ योजनेत मधला गाळा १,६०० फुटांचा, म्हणजे ४८८ मीटर होता. कूपरच्या सल्ल्याने तो १,८०० फूट, म्हणजे ५४९ मीटर करण्यात आला.

आपल्या तुळईचे गणित आठवा. लांबी साडेबारा टक्क्यांनी वाढली. नुसत्या वर्गाच्या ढोबळ हिशेबानेही आघूर्ण सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. शिवाय पूल लांब झाला म्हणजे जडही झाला. तेव्हा पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब पुन्हा करायला हवा होता. तो झाला नाही. जुन्या, कमी वजनावरच काम पुढे चालले. सरकारच्या अभियंत्याने सुचवले की कूपरचे काम दुसऱ्या एका अभियंत्याकडून तपासून घ्यावे. कूपरला हा आपला अपमान वाटला आणि त्याने ते होऊ दिले नाही. प्रकृतीच्या कारणाने तो न्यूयॉर्क सोडून पुलाच्या पोलादी कामावर कधी गेलाही नाही.

१९०६ मध्ये वजनाची चूक ध्यानात आली. तोवर पुष्कळसे पोलाद तयार होऊन बसवलेही गेले होते. एवढा जादा भार चालेल, असे कूपरने ठरवले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये पुलाच्या खालच्या बाजूचे काही प्रचंड दांडे वाकू लागले. त्यांतील एकाचा बाक काही दिवसांत वाढून दोन इंचांच्या आसपास गेला. जागेवरील तरुण अभियंता ही मापे घेऊन रेल्वेने न्यूयॉर्कला पोहोचला. कूपरने ताबडतोब तार केली की पुलावर आणखी भार घालू नका. पण ती तार पूल बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेली. प्रत्यक्ष पुलावर काम थांबवण्याचा हुकूम पोहोचलाच नाही. तो दिवस होता २९ ऑगस्ट १९०७. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कामाची वेळ संपत आली असताना, पुलाचा तो सगळा भाग काही सेकंदांत नदीत कोसळला. त्यावर काम करणाऱ्या ८६ जणांपैकी ७५ जण मरण पावले.

कूपर अडाणी नव्हता, लबाडही नव्हता. तो त्या काळातील उत्तम अभियंत्यांपैकी एक होता. मँटला तपासणारा मिळाला नाही, कूपरने तो नाकारला. एकाचे बरोबर हिशेब त्यालाच खोटे वाटले आणि दुसऱ्याचे चुकीचे हिशेब त्याला खरे वाटत राहिले. आपले उत्तर बरोबर आहे की चूक, हे आपल्या स्वतःच्या खात्रीवरून ठरवता येत नाही, हेच दोघांच्या हकीकतीवरून दिसते.

तोच पूल पुढे नव्या आराखड्याने १९१७ मध्ये पुरा झाला आणि आजही वापरात आहे. कॅनडातील अनेक अभियंते शिक्षण पुरे झाल्यावर एका समारंभात जबाबदारीची शपथ घेतात आणि करंगळीत एक साधी अंगठी घालतात. लिहिताना ती कागदाला घासते आणि घेतलेल्या शपथेची आठवण देते.

आकडा कोठून आणला?

आता कोणी म्हणेल, दोन माणसांनी तपासले की सगळे निर्धोक. तसेही नाही. त्यासाठी लांब जायला नको. कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर कोयना धरण आहे. उंची १०३ मीटर. ते बांधले तेव्हा दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने बरेचसे सुरक्षित मानले जाई. तरीही अभियंत्यांनी धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतके आडवे बल भूकंपासाठी हिशेबात धरले होते. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे यात हलगर्जी नव्हती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या पुढे, कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे पडली. धरणात बसवलेल्या यंत्राने हादऱ्यांची नोंद केली. त्यात पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेतील सर्वांत मोठे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मे होते. हा क्षणिक आकडा आणि हिशेबातील ५ टक्के यांची सरळ तुलना करता येत नाही, परंतु हादरा अपेक्षेपेक्षा फारच मोठा होता यात शंका नाही. धरण फुटले नाही. मात्र सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या काही भागांना आडव्या भेगा पडल्या. कोठे? धरणाचा मागचा उतार जेथे एकदम बदलतो आणि भिंत अचानक निमुळती होते, तेथे. आकार एकदम बदलतो त्या जागी ताण एकवटतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य तेथे दगडावर उमटले होते.

पुढे भेगा बुजवण्यात आल्या, पोलादी तारांचे ताणलेले जुडगे घालून त्या भागांना आवळण्यात आले आणि मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. १९७० साली भारताचा भूकंपविषयक नकाशा सुधारण्यात आला आणि कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या गटात गेला. कोयनेच्या त्या नोंदीवर जगभरच्या अभियंत्यांनी धरणांचा अभ्यास केला आहे.

येथे गुणाकार-भागाकार चुकला नव्हता, त्या मागचे गृहीत अपुरे होते. म्हणूनच चांगला तपासणारा आधी उत्तर पाहत नाही. माझी विद्यार्थिनी सांगते, तिचे वरिष्ठ नकाशा हाती घेतला की पहिला प्रश्न एकच विचारतात, "हा आकडा कुठून आणला?" मातीचा अहवाल, शासनमान्य मानके, जागेवरील मोजमाप, काहीतरी आधार दाखवावा लागतो. "मागच्या इमारतीला हाच धरला होता" हे उत्तर तेथे चालत नाही.

हे ऐकून मला, एका शिक्षकाला, थोडे ओशाळल्यासारखे झाले. आपण वर्गात काय करतो? उत्तर पुस्तकाच्या मागील उत्तराशी जुळले की बरोबरची खूण करतो. पुस्तकाच्या मागे उत्तर नसेल तेव्हा काय करायचे, हे मुलांना कधी शिकवतो का? खऱ्या पुलाचे उत्तर कोणत्याच पुस्तकाच्या मागे छापलेले नसते. माझ्या वर्गात मी तेव्हापासून एक लहानसा बदल केला आहे. प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर खाली 'केले' आणि 'तपासले' अशा दोन जागा असतात. दुसरी सही शेजारच्या विद्यार्थ्याची, आणि ती त्याने स्वतः मोजून पाहिल्यानंतरच. पहिल्या महिन्यात मुलांनी एकमेकांना डोळे मिटून सह्या दिल्या. मग एकदा मी एका मोजपट्टीचा पहिला सेंटीमीटर कापून ठेवला. सगळी मापे एका सेंटीमीटरने चुकली आणि दोन-दोन सह्यांनिशी चुकली! त्यानंतर सह्या जरा जपून होऊ लागल्या.

करून पाहा

तीस सेंटीमीटरची लवचीक प्लॅस्टिकची पट्टी घ्या. दोन सारख्या जाडीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर ती अशी ठेवा की मधले अंतर १२ सेंटीमीटर राहील. पट्टीच्या मध्यावर काही नाणी ठेवा आणि पट्टी किती वाकली ते दुसऱ्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. बाक फारच कमी वाटला तर नाणी वाढवा. आता तेवढीच नाणी ठेवून अंतर २४ सेंटीमीटर करा. अंतर दुप्पट झाले, मग बाक किती पट होईल? मोजण्याच्या आधी आपला अंदाज कागदावर लिहा. बहुतेक जण 'दुप्पट' लिहितात, काही जण 'चौपट'. मध्यावर ठेवलेल्या वजनासाठी बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे आठपट! पट्टीचे स्वतःचे वजनही थोडा वाटा उचलते. ते वेगळे कसे काढाल, याचाही विचार करा.

एक अट मात्र पाळा. तुमची मापे वहीत झाकून ठेवा आणि मित्राला सगळा प्रयोग पहिल्यापासून स्वतंत्रपणे करायला सांगा. मग दोघांचे आकडे शेजारी मांडा. ते जुळले नाहीत तर भांडू नका, दोघे मिळून पुन्हा मोजा. आणि आकडे जुळले, तर पट्टी तपासून पाहा. तिचा पहिला सेंटीमीटर जागेवर आहे ना?